दोन डोळे

माझ्याकडे निवांत कुणी येत नाही.
निवांत माणसाचं कुलूप बिघडत नाही,
निदान बिघडल्याचं त्याला कळत नाही.
फोन येतो तोच धापा टाकत:
तेंगिझ, लवकर, चुलीवर सूप आहे,
तेंगिझ, पासपोर्ट आत राहिला, विमान साडेपाचला,
तेंगिझ, पोरानं आतून कडी लावलीय आणि हसतोय.
मग मी अवलाबारीचा चढ चढतो,
पिशवीत एकशे चाळीस किल्ल्या,
एकही माझ्या घराची नाही.

चौदा वर्षं.
मी आहे म्हणून या त्बिलिसीत
कुणी उंबऱ्याबाहेर ताटकळत नाही,
असं मला वाटायचं.
असं वाटण्याची चटक दारूहून वाईट.

आई दर फेब्रुवारीत फोन करायची.
तिच्या आवाजाला धाप नसायची,
तिथंच घोटाळा व्हायचा.
"छाटणीचे दिवस आलेत," म्हणायची,
मांजर बरी आहे म्हणावं तसं.
"जमलं तर ये. नाहीतर शेजारचा गोचा आहेच."
मी म्हणायचो, पुढल्या रविवारी.

यंदा तिनं फोन केला नाही.
मार्च निम्मा सरला तेव्हा ध्यानात आलं,
तेही एका बाईच्या कपाटाचं कुलूप तोडताना.
आत काही नव्हतं.
रिकाम्या कपाटासाठी तिनं मला रात्री अकराला बोलावलं
आणि मी गेलो होतो.
पळत.

सकाळची पहिली व्हॅन धरली काखेतीची.

आई अंगणात तिपाईवर,
बोटं आल्याच्या गड्ड्यासारखी वाकडी.
मांडीवर कात्री, ताजी धार लावलेली.
कुणासाठी, ते तिनं सांगितलं नाही,
मी विचारलं नाही.
"गोचा कुठंय?"
"पोलंडला. दोन वर्षं झाली."

दोन वर्षं.
सापेरावीच्या वेली माजलेल्या,
एकमेकींच्या झिंज्या धरून उभ्या.

ती काठीनं दाखवत गेली, मी कापत गेलो.
"दोन डोळे ठेव काडीला. तो नव्हे,
तो आंधळा आहे. त्याच्या खालचा."
मला आंधळा कुठला, डोळस कुठला, कळेना.
कुलपातली टाचणीएवढी खिटी सरकली
तर मला झोपेत ऐकू येतं;
वेलीचं काहीच ऐकू येईना.
"तुझा बाप अंगठा फिरवून बघायचा,
नजरेवर भरवसा नव्हता त्याचा."
मी अंगठा फिरवला.
बेचाळिसाव्या वर्षी.

खिशात फोन थरथरत होता,
सात वेळा, मग आणखी नऊ.
शेवटी खुराड्यात गवतावर नेऊन ठेवला.
एक कोंबडी त्यावर जाऊन बसली,
अगदी जबाबदारीनं.

उशीर मात्र झालाच होता.
कापल्या टोकाशी पाणी डवरलं,
थेंब, थेंबामागं थेंब,
माझ्या बाहीवर, मानेत.
"रडतेय गं ही."
"रडणारच. रस चढल्यावर आलास.
रडेल आठवडाभर. मरत नाही त्यानं."
आणि पदर नसलेल्या त्या बाईनं
कोटाच्या बाहीनं माझी मान पुसली,
वेलीची पुसल्यासारखी.

दुपारी कोंबडीला उठवून फोन पाहिला.
एकानं खिडकी फोडून घेतली होती.
एकानं माल्खाझला बोलावलं,
तो माझ्याहून स्वस्त आहे, हेही कळवलं होतं.
एका घरात पोरानंच कडी काढली, कंटाळून.
दारं उघडली होती सगळी.
जरासं दुखलं, खोटं कशाला बोलू.

एक निरोप मात्र ताजा, अनोळखी नंबरचा:
अत्यंत तातडीचं आहे, किती वेळात याल?
बोटांना चिकट रस लागलेला,
अक्षरं उमटेनात धड.
कसंबसं लिहिलं: अजून तीन वेली राहिल्यात.
त्याला काय कळलं असेल कुणास ठाऊक.

आईनं तिपाई उचलून पुढच्या ओळीत ठेवली.
"चल," म्हणाली, "उजेड आहे तोवर."